साऊंडबॉक्समधला भात

लुगडं कोण नेसन, एवढ्यावरच आमची पैज लागली होती. बाकी सगळं मंग वाढत गेलं.

गोंदियाच्या बाजूच्या फुलचूरात माझं बिछायत केंद्र आहे. मंडप, खुर्च्या, गाद्या, साऊंडबॉक्स. बारशापासून तेरवीपर्यंत जे लागते ते माझ्याकडं भेटते. बाजूच्या घरी योगराज राहते. राईस मिलमधी मिस्त्री आहे, गावाकडं बांदी म्हणजे थोडी धानाची शेती आहे, आणि जगातली सगळी काळजी त्याच्याच घरी मुक्कामाले असते. त्याची पोरगी दिव्या बारावी पास झाली आणि म्हणली, मी नागपूरले जाऊन भूगर्भशास्त्र शिकतो. म्हणजे दगडं. योगराजले ते काही पटेना. दगडं शिकाले नागपूरले कायले जा लागते, आपल्या बांधावर का कमी पडले आहेत, असं तो चार दिवस येईल त्याले विचारत होता.

शेवटी त्यानं हो म्हणलं, पण अट टाकून. दिवाळीची सुट्टी लागायच्या आधी पोरगी एकदा जरी घरी पळून आली, तं वापस पाठवणार नाही. मंग इथंच गोंदियात जे भेटन ते शिकायचं. दिव्यानं लगेच हात पुढं केला आणि बापाच्या हातावर टाळी दिली. पोरगी तशी बापासारखी नाही, माझ्यासारखी आहे.

सुखरामच्या चहाटपरीवर योगराज म्हणे, "पोळ्याच्या आत रडत येते पाहा."

मी म्हणलं, येत नाही. मी तिले तयार करतो. पहिल्या वर्षाचा अनुभव ह्या अख्ख्या वस्तीत माझ्याएवढा कोणाले आहे? लोकं पहिलं वर्ष एकदा करतात. मी तीनदा केलं!

"तुझा अनुभव नापासाचा आहे गा," योगराज म्हणला.

झालं. तिथंच पैज लागली. दिवाळीच्या सुट्टीआधी पोरगी घरी आली तं मी हरलो, नाही आली तं योगराज. दिवाळी झाली का आमच्याकडं मंडई, म्हणजे गावची जत्रा भरते आणि मंडईत दंडार होते. दंडारीत बाप्येच लुगडं नेसून बायांचा नाच करतात. पैज हरन त्यानं यंदा लुगडं नेसून, डोक्शावर पदर घेऊन, सगळ्या गावासमोर नाचायचं. सुखराम साक्षीदार. तो तं त्याच दिवशी म्हणला, मी आतापासूनच समोरची खुर्ची धरून ठेवतो. खुर्च्या माह्या, आणि हा धरते!

मंग मी दिव्याचे क्लास घेतले. पहिल्या आठवड्यात कोणाले वर्गाचा रस्ता विचारायचा नाही, मोठ्या वर्गातले पोरं मुद्दाम गच्चीवर पाठवतात. समोरच्या बाकावर बसलं का सर नाव लक्षात ठेवतात, मागच्या बाकावर बसलं तरी ठेवतात, म्हणून मधात बसायचं. पहिल्या महिन्यात पुस्तकं घ्यायचे नाही, कोणते लागत नाहीत ते परीक्षेच्या आधी कळते. आणि घरची आठवण आली तं रडून घ्यायचं, पण फोन बंद ठेवून. पोरीनं सगळं ध्यान देऊन ऐकलं. जाताना पाया पडली. माझाच ऊर भरून आला, का माझं शिक्षण कोणाच्या तरी कामी पडलं.

पण एक मोठी गोष्ट मी इसरलो. भात.

आमच्या इकडं सकाळी रातचा भात फोडणी देऊन, दुपारी भात आणि रात्री भात. पोळी म्हणजे पाव्हणा आला तं. तिकडं वसतिगृहाच्या मेसमधी उलटं. आधी पोळ्या, भात सगळ्यात शेवटी, आणि तोही पंगतीच्या शेवटच्या पोरीपर्यंत पोचत नाही. पोळा झाला, गणपती बसले, पोरगी टिकून होती. पण एक दिवस तिचा मले फोन आला. बापाले नाही, मले. आवाज लहान झाला होता.

"भैयाकाका, बाकी सगळं जमून राहिलं. वर्ग जमला, पोरी जमल्या. पण पोट काही भरून नाही राहिलं. दोन दिवस घरी येऊ का? बाबाले सांगू नका."

माझ्या डोळ्यासमोर लुगडं आलं. खरं सांगतो, आधी लुगडंच आलं. मंग पोरीची अट आठवली, आणि दगडं शिकायचे सोडून ही इथं घरी बसन हे काही मले पाहावेना. मी म्हणलं, तू हलू नको, भात तुह्याकडं येते.

पण वसतिगृहात बिजलीच्या कुकरले बंदी. गेटवर वॉचमन पोरींच्या बॅगा उघडून पाहते. आता मी बिछायतवाला माणूस. माझ्याकडं एक जुना साऊंडबॉक्स होता, त्याचा आवाज कधीचाच मेला होता. मी त्याच्या आतला सगळा सरंजाम काढला, तिथं राईस कुकर बसवला, वायर मागच्या भोकातून बाहेर घेतली आणि समोरची जाळी पहिल्यासारखी लावून दिली. मागचं झाकण उघडलं का कुकर, बंद केलं का साऊंडबॉक्स. सोबत चिन्नोर तांदूळ, उशीच्या खोळीत भरून. चिन्नोर म्हणजे असा तांदूळ, का एका घरी शिजला तं गल्लीले भूक लागते. माझी बायको दुर्पता सगळं पाहत होती. म्हणली, एवढं डोकं कॉलेजात लावलं असतं तं तीन वर्षं लागले नसते.

पडद्याचं कापड आणाले जातो म्हणून मी नागपूर गाठलं. वॉचमननं साऊंडबॉक्स पाहून थेट वॉर्डनबाईलेच बोलावलं. चश्म्यावरून पाहणारी बाई. मी म्हणलं, मॅडम, आमच्या गावची पोरगी तुमच्याकडं शिकते, पोरींच्या कार्यक्रमाले कामी पडन म्हणून आमच्याकडून फुकट भेट.

बाईचा चेहरा एकदम खुलला. म्हणल्या, असे पालक कुठे मिळतात हो आजकाल! आणि कार्यक्रम होईपर्यंत पेटी दिव्याच्याच खोलीत ठेवाले लावली.

मी खुशीत वापस आलो. त्या रात्री दिव्याचा फोन, तोंडात घास. खोलीतल्या पोरी, बाजूच्या खोलीतल्या पोरी, सगळ्या जेवल्या म्हणे. आठ-दहा दिवस असे गेले का मी योगराजले लुगड्याचा रंग विचारून राहिलो होतो.

आणि वॉर्डनबाईचा फोन आला. उद्या नव्या मुलींच्या स्वागताचा कार्यक्रम ठेवला आहे, तुम्ही दिलेला साऊंडबॉक्सच लावणार आहोत, आणि तुमचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार आहे. यायलाच पाहिजे.

मी दिव्याले फोन लावला, ती वर्गात. मेसेज टाकला, पाहे ना. रात्री लावला तं फोन बंद. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं पळतच गेलो. पोचलो तं मंचावर टेबल, टेबलावर फुलदाणी, आणि बाजूले माझा साऊंडबॉक्स. त्याले हार घातला होता! दिव्या दाराजवळ उभी, चेहरा पांढरा पडलेला. ती वर्गात असताना शिपाई खोलीतून उचलून घेऊन गेला. माझ्या कानात म्हणली, "काका, रात्रीसाठी तांदूळ धुऊन, पाणी टाकून, बटण दाबून ठेवलं होतं. फक्त पिन लावायची बाकी होती."

मंचावर पाहिलं. शिपायानं पिन लावली होती.

मले पहिल्या ओळीत बसवलं. पाहुणे उठले, मोठे प्राध्यापक होते. विषय असा, का पहिल्या वर्षात काय काय होते. माईक बाजूच्या दुसऱ्या पेटीले जोडला होता म्हणून आवाज येत होता, आणि सगळ्यांना वाटे माझाच बॉक्स वाजते. पाहुणे म्हणाले, पहिले काही महिने कठीण जातात. रस्ते समजत नाहीत, भाषा वेगळी वाटते. मग म्हणाले, सगळ्यात जास्त आठवण येते ती घरच्या जेवणाची.

तेवढ्यात चिन्नोर उकळला.

आधी वास आला. मागच्या रांगांत बसलेल्या आमच्या इकडच्या पोरी होत्या, त्यांनी माना वर केल्या. एकीनं डोळ्याले ओढणी लावली. पाहुण्यांले वाटलं आपलं भाषण भिडलं, ते अजून रंगात आले. म्हणाले, डोळे मिटा, आईचा स्वयंपाक आठवा, वास येतो की नाही? सगळं सभागृह म्हणलं, येतो! मंग बॉक्सच्या जाळीतून वाफ निघाली. हाराची फुलं ओली झाली. आतून झाकण खडखड वाजाले लागलं. शिपाई ओरडला, शॉर्ट झाला, शॉर्ट झाला, आणि त्यानं पिन ओढून मागचं झाकण उघडलं.

असा मोकळा भात मी लग्नातही पाहिला नाही. शीत नं शीत वेगळं.

सत्कार राहिला. वॉर्डनबाईनं दिव्याले आणि मले ऑफिसात उभं केलं आणि तिच्या बापाले फोन लावला. सांगितलं, हिला घेऊन जायचं की ठेवायचं ते तुम्ही येऊन ठरवा.

योगराज संध्याकाळच्या आत हजर. हातात रिकामी पिशवी, पोरीचं सामान भराले आणलेली. मी सगळा दोष माझ्यावर घेतला. हे पैजेसाठी केलं तेही बोलून गेलो. योगराज माझ्याकडं पाहतही नव्हता. तो पोरीले म्हणला, "चाल. माझी पोरगी उपाशी राहून दगडं शिकणार नाही."

दिव्या काही हलली नाही. म्हणली, "बाबा, आधी माझ्यासोबत मेसमधी जेवून घ्या. मंग काय म्हणायचं ते म्हणा."

दोघं मेसमधी गेले. मी बाहेर बाकड्यावर, समोर वॉर्डनबाई, आणि बाईनं मले पोटभर झाडलं. बऱ्याच वेळानं बापलेक बाहेर आले. योगराजच्या मिशीले पोळीचा कुटका चिकटला होता आणि हातातली पिशवी रिकामीच होती. दिव्यानं बाईची माफी मागितली, शिक्षा म्हणून महिनाभर मेसमधी वाढायचं काम कबूल केलं. योगराजनं बाईले हात जोडले आणि स्टेशनचा रस्ता धरला. गाडीत खिडकीकडं तोंड करून बसला. मी मनात म्हणलं, हरला बिचारा.

दिवाळी जवळ आली तशी मी वस्तीत फिरून सांगत होतो, योगराजच्या मापाचं झंपर शिवाले टाका. सुखरामनं टपरीवर पाटी लावायची तेवढी बाकी ठेवली होती. उद्यापासून वसतिगृहाले सुट्टी लागणार, म्हणजे पैज खिशात. त्या दिवशी दुपारी मी टपरीसमोर मंडईच्या खुर्च्या पुसत होतो, तं एक ऑटो थांबला. आतून दिव्या उतरली.

मी म्हणलं, काऊन आली? सुट्टी तं उद्यापासून!

"हो काका. आज एक वर्ग होता. तो सोडून आली."

माझ्या हातचा फडकाच पडला. लुगडं गेलं चुलीत, मले तिच्या अटीची भीती वाटली. मी तिची बॅग वापस ऑटोत टाकाले लागलो, ऑटोवाल्याले म्हणलं, स्टेशनवर घे, हिले कोणी पाहिलं नाही. सुखराम पाहून राहिला होता, तं त्याले पाठ फिरवाले लावलं. तेवढ्यात योगराज फाटक उघडून बाहेर आला. आरामात, हातात चहाचा कप.

"राहू दे गा भैयालाल," तो म्हणला. "तिचं शिक्षण पक्कं आहे. त्या दिवशी मेसमधीच पक्कं झालं."

मंग दिव्यानंच सांगितलं. मेसमधी बापाले तिनं पोळी खाऊन दाखवली, भाजी मागून घेऊन दाखवली, बाजूच्या पोरींची ओळख करून दिली. आणि म्हणली, बाबा, पैज तुमची आणि काकाची, अट तुमची, आणि मधात माझं शिक्षण काऊन? ते बाहेर काढा. अट सोडा. पैज मी तुम्हाले जिंकून देतो.

वस्तीत इतके वर्षं लोकांना फसवलं मी! आणि मले फसवलं ते माझ्याच शाळेत शिकलेल्या पोरीनं.

मंडईच्या दिवशी दुर्पतानं मले स्वतःच्या हातानं लुगडं नेसवलं. हिरवं, जरीकाठाचं, तिच्या लग्नातलं. पदर पिनेनं असा टोचला का मी बसूही नाही शकलो. ढोलकी वाजली, मी उतरलो. समोर माह्याच खुर्च्यांवर सगळं गाव. सुखराम मधात, योगराज त्याच्या बाजूले, आणि योगराजच्या बाजूले चश्म्यावरून पाहणारी एक बाई. दिव्यानं वॉर्डनबाईले मंडई पाहाले बोलावलं होतं! बाईच्या मांडीवर माझा राईस कुकर, वापस द्याले आणलेला, आणि हातात मोबाईल सुरू.

नाच संपला. मी पदरानं घाम पुसत जवळ गेलो, म्हणलं मॅडम, तेवढं व्हिडिओचं पाहा, पुसून टाका.

"पुसून कसा टाकू?" बाई म्हणल्या. "पुढच्या वर्षी नव्या मुली येतील. घरून कुकर आणला तर काय होतं, हे पहिल्या दिवशी दाखवायला लागेल ना. दरवर्षी दाखवीन."

म्हणजे आता पाहा. तीनदा करून जे माझं सुटलं नाही, त्या पहिल्या वर्षाले मी आता दरवर्षी हजर. आणि तेही लुगडं नेसून.