उसन्या वाचकांच्या स्वारीची बखर

श्रीशारदेचे पायी मस्तक ठेवून, खडूपाटीस हात जोडून, जे घडले ते पदराखाली न झाकता लिहिते. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, माघ मासी एका लहानशा राज्यात वर्तमान ऐसे जाहले. राज्य म्हणजे चार वर्गांची प्राथमिक शाळा, खोल्या दोन, पंतोजी एक, प्रजा एकवीस मुले. गादीवर शाळा समितीच्या अध्यक्षा आक्कासाहेब विराजमान होत्या. स्वतः तिसरीतून शाळा सोडलेल्या, परंतु जिभेस धार ऐसी की समोर कोणी टिकत नसे, आणि कोणी टिकत नाही म्हणजे आपलेच खरे, ऐसे त्या समजत. पंतोजी ढवळे गुरुजी सालस माणूस, एका खोलीत पाढे लावून देत आणि दुसरीत जात, तो पहिलीतली निम्मी फौज खिडकीतून पसार जाहलेली असे.

तों तालुक्याच्या हुजुरातून खलिता आला. गुरुजींनी समितीपुढे उभे राहून वाचावयास घेतला की येत्या गुरुवारी सर्व शाळांत तिसरी-चौथीच्या मुलांची वाचनाची व गणिताची पारख होईल, परीक्षक एकेका मुलास समोर बसवून उतारा वाचवून घेतील, हातच्याची वजाबाकी घालतील आणि निकाल शाळेच्या दारावर लागेल. इतके ऐकताच आक्कासाहेबांनी हात वर केला. गुरुजी म्हणाले, "आक्का, खाली अजून चार ओळी आहेत." आक्कासाहेबांनी फर्माविले, "त्या तुम्ही घरी जाऊन वाचा. दारावर लागणार म्हणलं ना, तिथंच समजलं सगळं." आणि गुरुजींनी कागद घडी घालून दप्तरात सारला, तो तेथेच राहिला.

मग मसलत बसली. तिसरी-चौथीची मुले दहा, त्यांत वाचणारी चार, न वाचणारी सहा, आणि त्या सहांत खुद्द आक्कासाहेबांची नात आरोही. तिसरीत बसे, अक्षरे ओळखी, जोडू म्हटले की घाम फुटे. आणि आक्कासाहेबांनी तर प्रत्येक हळदीकुंकवात सांगून ठेविलेले की आमची आरोही पेपर घडाघडा वाचते. आता मुलुखाचा शिरस्ता ऐसा की कबड्डीचे सामने असले म्हणजे पलीकडच्या गावचे गडी आणावे आणि आपल्या गड्यांच्या नावावर खेळवावे, त्यात कोणास पाप वाटत नाही. तोच डाव आक्कासाहेबांनी पाटीपुस्तकावर लावला. डोंगरापलीकडे त्यांचे माहेर, तेथील शाळेच्या समितीवर चुलतबंधू तात्या. त्यांस फोन लाविला की, "तात्या, सहा पोरं दे एका दिवसापुरती. चांगली वाचणारी." तात्या वदले, "सहाच? आठ ने की आक्का. जीपबी मीच लावून देतो." आक्कासाहेबांचा ऊर भरून आला की माहेर ते माहेर. गुरुजी तेवढे म्हणाले, "आक्का, हे बरं नव्हे. पोरांना कळतं सगळं." त्यावर उत्तर मिळाले, "कळत असतं तर वाचली नसती का?" आणि गुरुजी पाढे घ्यावयास गेले, पोटार्थी माणूस, त्यांस काय बोल लावावा.

गुरुवारी पाच मुलांस देवळात शिऱ्याच्या जेवणास धाडिले, आरोहीस ताप आला म्हणून घरी निजविले, आणि माहेरच्या आठांतली सहा त्यांच्या नावांनी जागेवर बसली. परीक्षक आले, उतारे वाचविले, वजाबाक्या घातल्या, आणि दहापैकी दहा पास, ऐसी फत्ते तालुक्यात कोणाची न जाहली. दारावर कागद लागला, पेढे वाटले. संध्याकाळी आरोही म्हणाली, "आज्जी, मी पळून येऊन शाळंच्या खिडकीतनं बघितलं. लाल रिबिनीवाली माझ्या नावानं वाचत हुती." आक्कासाहेब म्हणाल्या, "मग? झाला ना तुझा पहिला नंबर." पोर म्हणाली, "व्हय. छान वाचत हुती. आता मला शिकायचं काय काम?" आक्कासाहेबांनी पोरीपुढे पेढा केला, तो तिने घेतला नाही.

आठ दिवसांनी दुसरा खलिता आला, आणि तेव्हा पहिल्याच्या चार ओळी उघडल्या. त्या ऐशा की ज्या शाळेत न वाचणारी मुले सर्वांत अधिक, तेथे वर्षभर एक जादा शिक्षिका येऊन केवळ त्याच मुलांस घेऊन बसेल. ती शिक्षिका मिळाली कोणास, तर आक्कासाहेबांच्या माहेरास. त्यांची हुशार मुले त्या दिवशी येथे होती, घरी उरली ती अडखळणारी. आक्कासाहेबांनी फोन लाविला, "तात्या, तुला ठावं होतं?" तात्या म्हणाले, "आक्का, आम्ही कागद शेवटापातूर वाचला."

मग आक्कासाहेब तीन दिवस ओसरीबाहेर आल्या नाहीत. गुरुजींनी चार ओळी वाचतो म्हटले होते, आपण त्यांचे तोंड बंद केले; न वाचणाऱ्या सहा जणांची एक वर्षाची सोय आपण एका हाताच्या इशाऱ्याने घालविली; हे पुन्हापुन्हा आठवे. चौथे दिवशी एस.टी.ने तालुक्यास गेल्या आणि मिसाळ मॅडम म्हणून अधिकारी, वयाने सुनेएवढ्या, त्यांजपुढे उभ्याउभ्या सर्व सांगितले. मॅडम म्हणाल्या, "बसा की." आक्कासाहेब म्हणाल्या, "नको. बसायच्या लायकीचं काम नाही केलं." मॅडमनी सांगितले की शिक्षिका गेली ती गेली, पुढील यादीत नाव धरता येईल, तेही खरा निकाल आल्यावर, आणि तो निकाल दारावर लागेलच. आक्कासाहेब म्हणाल्या, "लावा."

फाल्गुनात पुन्हा पारख जाहली, या वेळी गाव दारात उभा होता, आणि हळदीकुंकवाच्या सगळ्या जणी पुढे होत्या. आरोही परीक्षकांसमोर बसली, तिने 'नदी' वाचले, 'कमळ' वाचले, आणि तिसऱ्या शब्दावर बोट ठेवून राहिली. परीक्षक थांबल्या. तो शब्द आक्कासाहेबांच्या जिभेवर आला होता, त्यांनी तो गिळला. मागून कोणी म्हणाले, "पेपर वाचती म्हणं," आणि बायका हसल्या. बाहेर येताच पोरीने विचारले, "आज्जी, माझ्या नावापुढं काय लिहिलं?"

"दोन शब्द."

"माझेच ना?"

"तुझेच," आक्कासाहेब म्हणाल्या.

येणेप्रमाणे मुले दहा, वाचणारी चार, न वाचणारी सहा, उसने कोणी नाही. कागद दारावर आहे, शिक्षिका अद्याप आलेली नाही, आणि नातीस पोचवावयास आक्कासाहेब रोज त्याच दारातून मान खाली घालून जातात. हे वर्तमान ऐकीव नव्हे. लिहिणारीने स्वतः केले, म्हणून स्वतः लिहिले.