आईची शपथ आणि गुलबक्षी झंपर

नारायणराव चिखलीच्या तहसिलीत कारकून होते. दिवसभरात त्यांना हजार शब्द लिहावे लागत. तोंडाने मात्र 'हो साहेब' एवढे दोनच पुरत. त्यामुळे कोकिळेने, म्हणजे त्यांच्या बायकोने, जेव्हा फक्त एक शब्द बोलायचं काम त्यांच्यावर सोपवलं, तेव्हा त्यांना ते अगदीच किरकोळ वाटलं. (किरकोळ वाटलेल्या कामांनीच त्यांची आजवर शोभा केली होती, पण माणूस विसरतो.)

झालं होतं असं, की नागपूरहून बदलून आलेल्या तहसीलदारांच्या मंडळींनी चिखलीत पहिलं झंपर आणलं. फुग्याच्या बाह्या, गळ्याला लेस, पाठीला बटणं! तोवर चोळीची गाठ मारली की झालं, असं मानणाऱ्या बायकांची झोप उडाली. त्यात कोकिळेच्या भावाचं लग्न डोणगावला ठरलं, आणि तिची नागपूरची चुलत बहीण तिथे झंपर घालून मिरवणार हे पक्कं कळलं.

"मी चोळीवर नाई जात," कोकिळा म्हणाली. "ते नागपूरवाली मले वरपासून खालपर्यंत पाहीन, अन् म्हणीन, कारकुनाले देली वाटते."

हे शेवटचं नारायणरावांना लागलं. "शिवू की झंपर! त्यात काय?"

"कापड म्या निवडलं, गुलबक्षी साटीन. माप नूरबी घेऊन गेली. तुमी फक्त दुकानात कापड द्या अन् सांगा, घरच्यायसाठी हाये, म्हंजे बायकोसाठी. तेवढं जमन ना?"

"म्हणजे काय!" नारायणराव म्हणाले.

आता हे मापाचं प्रकरण सांगायला हवं. बायका काही शिंप्याच्या दुकानात जात नसत. बद्रुद्दीन शिंप्याची बायको नूरबी घरोघर जाऊन मापं आणायची. कागद नाही, फीत नाही; एक सुती धागा आणि त्याला गाठी. पहिली गाठ छातीची, दुसरी कंबरेची, तिसरी बाहीची. असे धागे दुकानात घराघराच्या खिळ्याला टांगलेले असत. बायको केवढी आहे हे नवऱ्याला सांगता आलं नसतं, पण बद्रुद्दीनच्या भिंतीला पाठ होतं. नारायणरावांच्या खिळ्याला दोन धागे होते. आखूड तो कोकिळेचा, परवाचा. लांबलचक तो आईचा, मनकर्णाबाईंचा, मागच्या हिवाळ्यात गरम बंडी शिवली तेव्हाचा. कोणता काढायचा, एवढंच शिंप्याला कळायला हवं होतं.

नारायणराव कापड काखेत मारून दुकानात शिरले आणि जागीच थिजले. बाकड्यावर हेडक्लार्क किसनराव पान चघळत बसले होते.

किसनराव म्हणजे तहसिलीचं तोंड. महिन्यापूर्वी बिचाऱ्या निवृत्ती चपराशाने बायकोसाठी एक गजरा घरी नेला, तर तेव्हापासून अख्खी कचेरी त्याला 'गजरेवाले' म्हणते. खुद्द साहेबांनीही एकदा हाक मारली, "ओ गजरेवाले, फाईल आणा!" आणि इथे तर साटीन होतं, तेही गुलबक्षी!

"या साहेब," बद्रुद्दीन म्हणाला. "झंपर ना? किसके वास्ते? कोणासाठी?"

किसनरावांचं चघळणं थांबलं. नारायणरावांच्या घशात तो एकच शब्द अडकला, आणि त्याच्या जागी भलताच बाहेर पडला.

"आईसाठी."

बद्रुद्दीनने एक डोळा बारीक केला. "आईसाठीच ना?"

"हो."

"म्हणजे... आईसाठी?" त्याने भुवई उडवली, मान तिरकी केली, खिळ्यावरच्या आखूड धाग्याकडे बोटही नेलं. बिचारा जेवढं सांभाळून घेता येईल तेवढं घेत होता. पण नारायणरावांना वाटलं, हा किसनरावांसमोर आपली फिरकी घेतो आहे. ते एकदम कडाडले, "आईसाठी म्हणजे आईसाठी! आईची शपथ!"

शपथ म्हटल्यावर बद्रुद्दीनने कानाला हात लावला आणि लांब धागा काढला. "लेस लावू?"

"लावा."

"फुग्याच्या बाह्या?"

"फुगवा!"

"वा रे श्रावणबाळ!" किसनराव म्हणाले, आणि पुन्हा चघळू लागले.

संध्याकाळी गुपचूप येऊन दुरुस्ती सांगू, असं नारायणरावांनी ठरवलं. पण कचेरीत पाऊल ठेवताच तहसीलदारांनी त्यांना देऊळगावराजाच्या दौऱ्यावर उचललं, ते थेट लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी सोडलं.

घरात पाऊल टाकतात तो ओसरीवर शेजारच्या बायकांचा घोळका. मधोमध मनकर्णाबाई. नऊवारी लुगडं, कपाळी रुपयाएवढं कुंकू, आणि अंगात गुलबक्षी झंपर! बाह्या अशा फुगल्या होत्या, की दोन्ही खांद्यांवर एकेक भोपळा ठेवल्यासारखा वाटावा. आणि बसलं होतं मात्र अगदी चापून.

"नूरबी देऊन गेली," आई म्हणाली. "म्हणे, तुमच्या लेकानं भर दुकानात आईची शपथ घेऊन शिवलं. काऊन रे नारायण, म्हातारीले एवढं कायले?" आणि तिने पदराने डोळे टिपले.

वडील उकंडराव कोपऱ्यात उभे होते. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोकडे एका दिवसात दोनदा पाहिल्याचं कोणाच्या आठवणीत नव्हतं. आज त्यांचं हे चौथं पाहणं चाललं होतं.

दारात पाण्याचा गडवा घेऊन कोकिळा उभी होती. तिने तो नारायणरावांपुढे आदळला. "एक शब्द होता," ती हळूच म्हणाली. "एक!"

आता आईच्या अंगातून झंपर उतरवायचं कसं? दुसऱ्या दिवशी बैलांची दमणी निघाली. आई झंपरात, कोकिळा चोळीत आणि नारायणराव घामात. डोणगावच्या मांडवात नागपूरच्या बहिणीने कोकिळेला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "अगं, तुझ्या सासूबाई किती मॉडर्न!" वऱ्हाडी मंडळी नारायणरावांची पाठ थोपटत होती, असा लेक पाहिजे म्हणून. प्रत्येक थापेबरोबर कोकिळेचं तोंड थोडं जास्त वळत होतं. निघताना ती दमणीत बसलीच नाही.

"झंपर आलं की येईन," ती म्हणाली.

आठ दिवस गेले. नारायणरावांना करमेना. आई वेळेवर जेवू घालत होती. पण कचेरीतून आल्यावर 'आज का उशीर?' असं दरडावणारं कोणी नव्हतं, आणि त्या दरडावण्यावाचून आपलं घर किती ओकंबोकं आहे, हे त्यांना प्रथमच कळलं. नवव्या दिवशी ते इरेला पेटले. दिवस बाजाराचा. बद्रुद्दीनच्या दुकानात उभं राहायला जागा नाही, आणि बाकड्यावर पुन्हा किसनराव! नारायणरावांनी डोळे मिटले आणि ओरडले,

"झंपर शिवायचं आहे! बायकोसाठी! माझ्या स्वतःच्या बायकोसाठी!"

बाजारातल्या सगळ्या माना वळल्या. एक शेळीसुद्धा चघळायची थांबली.

"अरे साहेब," बद्रुद्दीन कळवळून म्हणाला, "एवढं ओरडायचं काय काम होतं? या चिखलीत बायकोसाठी कोणीच शिवत नाही. सगळे आईसाठीच म्हणतात, अन् मी चुपचाप बायकोचा धागा काढतो. तुम्हीच एक शपथ घेतली! आता हेच बघा, किसनराव साहेबांच्या आईचं झंपर तयार हाये."

त्याने अबोली रंगाचं एक नाजूक झंपर पुढे केलं. किसनरावांनी ते घाईघाईने धोतराच्या सोग्यात लपवलं. त्यांच्या आईला वारून सहा वर्षं झाली होती.

"बरं, मग आता माझं घ्या," नारायणराव म्हणाले.

"तुमचं झालं की! मनकर्णाबाईंनी मागल्या हप्त्यातच नूरबीजवळ सांगून पाठवलं. म्हणे, मले पहिल्याच दिवशी समजलं होतं, हे सुनेचं हाये. पण लेकानं चारचौघांत माहं नाव घेतलं, त्याले खोटा कसा पाडू? आज सकाळीच उकंडराव झंपर घेऊन डोणगावले गेले."

दुसऱ्या दिवशी कोकिळा आली. झंपर तिला असं बसलं होतं, की नारायणराव बघतच राहिले. शेजारच्या बायका पुन्हा ओसरीवर जमल्या. सासूला लेकाने शिवलं, सुनेला सासूने शिवलं, अशी सगळ्यांनी तोंडभरून वाखाणणी केली. तेवढ्यात एका आगाऊ बाईने विचारलं, "अन् कोकिळे, नवऱ्यानं काय केलं वं तुयासाठी?"

नारायणराव दाराआड कान देऊन उभे होते. भर बाजारात ओरडल्याची गोष्ट आता निघणार, म्हणून त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"त्यायनं?" कोकिळा बाही सारखी करत म्हणाली. "त्यायनं शपथ घेतली."