मालन कमरेपर्यंत आली

दिनकर मगदुमांच्या मूत्रपिंडांचं काम निम्म्याखाली आलं, त्याच आठवड्यात त्यांची वारलेली बायको मालन कमरेपर्यंत परत आली. सकाळी ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर होती आणि डाळीत मीठ फार पडलंय म्हणत होती.

मगदुमांना आनंद झाला. रिपोर्टचाही झाला होता. त्यांच्या घराण्यात सगळ्यांना साखर. आकडा उतरला की घरात कौतुक व्हायचं. इथे तर आकडा पंचेचाळीसवर उतरला होता. ते डॉक्टर तांबोळीबाईंकडे गेले ते जवळजवळ शाबासकी घ्यायलाच.

"मगदूम, हा आकडा उतरायचा नसतो," डॉक्टर म्हणाल्या. "ही गाळायची ताकद आहे. नव्वदच्या वर असली तर उत्तम. आणि हा दुसरा, क्रिएटिनिनचा. तो कचरा. गाळणी मंदावली की तो रक्तात साठतो. मागच्या रिपोर्टपेक्षा कचरा चढलाय आणि ताकद उतरलीय. दोन्ही एकच सांगतायत."

"काय?"

"जे बाहेर जायला हवं ते आत राहतंय. घरी कोण आलंय?"

"मिसेस. कमरेपर्यंत."

"या आकड्याला तेवढंच येतात," डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाल्या.

"आणखी उतरला तर?"

"आणखी येतील. फारच खाली गेला तर अख्ख्या येतील, चपलांसकट. माझ्या एका पेशंटचे वडील आले होते तसे. पण मग मशीन लावावं लागतं, आठवड्यातून तीनदा. मशीन सगळं साफ करतं. वडिलांनापण. ते परत येईपर्यंत तो दाराकडं बघत बसायचा." त्यांनी कागद पुढे सरकवला. "गेलेली ताकद परत येईल असं मी म्हणत नाही. आहे ती टिकवू. मीठ कमी, बीपी ताब्यात. दुखण्याच्या गोळ्या घेता काय? त्यांनी ही ताकद आणखी उतरते."

"नाही," मगदूम म्हणाले. त्या दिवशी ते खरं होतं.

घरी मालनची सोय लागली. मगदूम खुर्ची ओट्याजवळ ओढायचे, ती फोडणी द्यायची. संध्याकाळी ते खुर्चीसकट तिला गॅलरीत न्यायचे. पण मंडईतून आणलेली वांगी बघून ती रोज तोंड वाकडं करायची.

"ही वांगी हाईत? तुम्हाला बघून काढून ठेवतोय तो भाजीवाला. मी असते तर दाखवलं असतं."

कपाटात मालनच्या गुडघ्यांच्या गोळ्यांचा अर्धा डबा तसाच राहिला होता. तो टाकून द्यायला मगदुमांचा हात धजला नव्हता. त्यातली एक गोळी ते सकाळच्या चहाबरोबर घेऊ लागले, मग एक रात्रीही. त्यांचे गुडघे ठणठणीत होते.

पुढच्या तपासणीच्या आदल्या दिवशी मालनने हाक मारली. "अहो, गुडघे आलेत!"

मगदूम धावत गेले. खरंच आले होते.

"आल्या आल्या ठणकायला लागलेत मेले. माझ्या गोळ्या द्या की कपाटातल्या."

"संपल्या."

"कुणी संपवल्या?"

मगदुमांनी गॅस बारीक केला. गॅसवर काहीच नव्हतं.

मालनने त्यांच्याकडे पाहिलं. "तुमचं गुडघं कधीपासनं दुखाय लागलं?"

"दुखत नाहीत."

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मला अख्खी आणून काय करणार होतासा?"

"मंडईत नेणार होतो."

"आणि मग मशीन मला तीन-तीनदा घालवणार. एकदा गेले तेवढं बास झालं की हो. परत परत कशाला घालवताय? त्या वेळी चार दिवस जेवला नव्हतासा. मला काय कळत नव्हतं व्हय?"

मगदुमांनी रिकामा डबा कचऱ्यात टाकला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं. रिपोर्ट पस्तीसवर आला होता. डॉक्टर रागावल्या, गोळ्या कायमच्या बंद म्हणाल्या. "त्यामुळं उतरलेलं थोडं चढेलही. चढलं तर काय जाईल ते घरी सांगून ठेवा."

"तिला माहीत आहे," मगदूम म्हणाले.

घरात कमी मिठाची डाळ शिजू लागली. मालन स्वतः मीठ मोजून घालायची आणि बरणी आपल्या मागे ठेवायची.

पुढचा रिपोर्ट घेऊन मगदूम आले तेव्हा मालन वांगी चिरत होती.

"किती?"

"त्रेचाळीस."

तिने पदर सारून खाली पाहिलं. "गुडघे सकाळीच गेले. मी बोलले नाही." मग म्हणाली, "बरं झालं. लई ठणकत होते."

मगदुमांनी खुर्ची उचलली आणि तिला गॅलरीत नेलं. आता ती हलकी झाली होती. खालून शेजारच्या पाटीलवहिनी दळण घेऊन चालल्या होत्या. त्यांनी मान वर केली.

"काय म्हणतोय हो रिपोर्ट?"

"आहे तेवढंच," मालन म्हणाली आणि मगदुमांना आत जाऊन डाळ बघायला सांगितलं.