डाव्या चाकाचा नट

पिंगळी स्टेशनावरून अनंतबुवांना घेऊन निघालेली जीप वाडीच्या अलीकडच्या माळावर मागच्या डाव्या अंगाला बसली, तेव्हा बाभळीचा काटा टायरपेक्षा सूर्यभानाच्याच काळजात खोल रुतला. सप्त्याची वीणा त्याच्याकडे. गेल्या वर्षी बुवांना आणतो म्हणून वाजतगाजत गेला आणि एकटाच परत आला. यंदा वाडीतल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या दगडाबाईंनी भर मंडपात बजावले होते, "दिवेलागणीला बुवा दिसले तर ठीक. न्हाई तर वीणा व्यंकटीच्या गळ्यात." म्हणून तर त्याने एका साहेबाच्या हातापाया पडून खात्याची जीप एका दिवसापुरती मिळवली होती. बुवाही एकाच कीर्तनाचे कबूल होते. पहाटे त्यांना याच जीपने मानवत गाठायचे होते.

"फिकीर करू नका," ड्रायव्हर बन्सीधर म्हणाला. "स्टेपनी हाय. नट काढले की झालं."

पहिलाच नट हलेना. बन्सीधरने पाना लावून जोर केला, मग पान्याच्या दांड्यावर उभा राहिला. दुसरा नट पाहिला. तो पहिल्याचा सख्खा भाऊ निघाला. कंदिलातले रॉकेल पाजले. ते पिऊन नट अधिकच ताठ झाले. शेवटी सूर्यभान दांड्यावर चढून नाचला.

शेजारच्या शिवारात कापूस वेचणारी वच्छलाबाई कमरेला बांधलेला कापसाचा ओटा सावरत बांधावर आली. "दादा, काय करायलाव?"

"नट काढायलोय."

"काढायलाव का बसवायलाव? मला तर त्यो आत चालल्यागत दिसायलाय."

"बाई, तुमी कापूस वेचा."

बाई काही कापूस वेचायला गेली नाही. तिने हाक मारून नवऱ्याला आणि दोन दिरांना बोलावले. दांड्याला दोर बांधला. चौघे चार तऱ्हेने ओढू लागले, तेव्हा मात्र बुवांना राहवेना. बेतालपणा त्यांना देवाच्या दारातही खपत नसे. त्यांनी झोळीतून टाळ काढले.

"असे नाही. मी ठेका धरतो. समेवर सगळ्यांनी एकदम ओढायचे."

माळावर विठ्ठलनामाचा गजर सुरू झाला. पहिल्या समेला नट कुरकुरला. दुसऱ्या समेला जीप कण्हली. तिसऱ्या समेला दोर तुटला आणि मंडळी नामघोषासकट कापसात उताणी पडली.

"ताल चुकला नाही," बुवा शांतपणे म्हणाले. "दोरच चुकला."

उन्हे कलली. सूर्यभानाला मंडपातले दिवे आणि व्यंकटीचा गळा आलटूनपालटून दिसू लागले. गार वाऱ्याने आवाज बसेल म्हणून बुवा जीपमध्ये बसायला मागच्या बाजूने निघाले. बन्सीधरने पाना नटावर तसाच अडकवून ठेवला होता. इतका वेळ पुढे असणारा दांडा आता मागच्या अंगाला आला होता. बुवांना वाटले, साहेबलोकांच्या गाडीला पायरी असतेच. त्यांनी दांड्यावर पाय ठेवून सगळा भार टाकला.

कच् असा आवाज झाला. पायरी खाली गेली, बुवा धुळीत बसले आणि नट सुटला.

खरे म्हणजे त्या जीपच्या डाव्या चाकांचे आटे उलटे होते. मंडळी इतका वेळ नट काढत नव्हती, तल्लीन होऊन आवळत होती. पण हे कुणाच्या ध्यानात यायला कुणाचे ध्यान नटावर हवे ना. सगळे बुवांच्या पायाकडे बघत होते.

"पायाचा गुण हाय," बन्सीधर हात जोडून म्हणाला.

"अरे, मी कीर्तनकार आहे, लोहार नाही."

"बुवा, इज्जतीचा सवाल हाय," सूर्यभान काकुळतीला आला. "आणखी चारच हायत."

बन्सीधरने पाना तसाच मागे दांडा करून लावला आणि बुवांनी चारही नटांना पाय लावला. चारही सुटले. स्टेपनी चढली. बन्सीधरने जिकडे फिरतील तिकडे फिरवून बोटांनी नट बसवले आणि शेवटी पाना घेतला. जन्मभर ज्या बाजूला आवळत आला, त्याच बाजूला एकेकाला दणका दिला.

"बघा आता, कसे लोण्यागत फिरायलेत."

जीप सुसाट निघाली. वाडीच्या उतारावर सूर्यभानाला पुढे एक चाक एकटेच पळताना दिसले.

"बन्सीधर, हे चाक कुणाचं?"

"असंल कुणाचं तरी," बन्सीधर म्हणाला, आणि जीप डावीकडे बसली.

खाली वाडीत सगळे गाव मंडपापुढे उभे होते. जीप त्यांनी कधी पाहिली नव्हती. ती येते म्हणजे आधी तिचे काय येते, हे कुणालाच ठाऊक नव्हते. त्यामुळे धूळ उडवत चाक आले तेव्हा गजर झाला, मृदंग कडाडला. चाक दोन गिरक्या घेऊन वीणेसमोर आडवे पडले. दगडाबाईंनी त्याला कुंकू लावून ओवाळले.

पाठोपाठ सूर्यभानाचा खांदा धरून बुवा आले. दिवा नुकताच लागत होता. दगडाबाईंनी बुवांना बघितले, सूर्यभानाला बघितले, आणि वीणा उचलून सूर्यभानाच्या गळ्यात घातली. त्या संध्याकाळी तो असा नाचला की उतारावर राहिलेल्या जीपची त्याला आठवणही राहिली नाही.

पहाटे बन्सीधर चाक न्यायला आला.

"ओवाळलेलं हाय," दगडाबाई म्हणाल्या. "काला झाल्याबिगर मंडपातून हलायचं न्हाई."

"आजी, बुवांना मानवतला सोडायचंय."

"सोड की. चाक तेवढं ठिव."

अशा रीतीने एका कीर्तनाला आलेले बुवा काल्यापर्यंत राहिले आणि वाडीला रोज कीर्तन मिळाले. काल्याच्या दिवशी जीपचे साहेब स्वतः बैलगाडीने येऊन संतापाने मंडपात शिरले. बुवा नुकतेच रंगात आले होते. दगडाबाईंनी साहेबांचा हात धरून त्यांना चाकावर बसवले.

"बसा साहेब," त्या म्हणाल्या. "चांगली जागा तुमच्याचसाठी ठिवली व्हती."