सोयरीक नसलेला लीक

चाळीसगावात भर दुपारी वाफ्यावर छत्री धरून स्वतः उघड्या डोक्याने उन्हात उभा असलेला माणूस दिसला, तर घाबरू नका. ते आमचे शेजारी नाना. छत्रीच्या सावलीत असतो लीक. ही विलायती भाजी दिसायला कांद्याच्या पातीचा थोराड भाऊ, पण हे त्यांच्यासमोर बोलायची सोय नाही.

"कांदा नही, मास्तर, लीक!" ते तडकतात. "कांदासंगे येनी सोयरीकबी नही."

नाना रेल्वेतून निवृत्त झालेले. बी पुण्याहून मागवलेलं. दांडा पांढराशुभ्र राहावा म्हणून ते प्रत्येक रोपाला वर्तमानपत्र गुंडाळून वर माती चढवतात. त्यासाठी आमचा पेपर आम्ही वाचायच्या आधीच जातो. एकदा माझं राशिभविष्य मी त्यांच्या वाफ्यात उकिडवा बसून वाचलं. 'धीर धरा' असं लिहिलं होतं.

हा सगळा खटाटोप अक्कांसाठी. अक्का म्हणजे नानांची थोरली बहीण, त्यांच्याकडेच राहतात. काही वर्षांपूर्वी नाना आजारपणात अगदी जायला निघाले होते. तेव्हा अक्कांनी देवीला नवस बोलला, भाऊ वाचला तर जन्मभर कांदा-लसूण तोंडाला लावणार नाही. भाऊ वाचला. तेव्हापासून हिवाळ्यात सगळी गल्ली कांद्याची पात घातलेलं भरीत हाणते आणि अक्का नुसती वांगी-मिरची कालवून जेवतात. ते बघून नानांच्या घशाखाली घास उतरत नाही. म्हणून त्यांनी कांदा नसलेला कांदा शोधून काढला.

गेल्या पौषात लीक तयार झाला. नानांनी स्वतः वांगी भाजली, लीक चिरला, भरीत केलं. मलाही बोलावलं, बहुधा साक्षीदार म्हणून. अक्कांनी घास उचलला, तोंडाजवळ नेला आणि थांबल्या.

"भाऊ, हाऊ कांदा नही ना? तू सांगशी तेच खरं."

नुसतं 'नाही' म्हणायचं होतं. पण वर्षभर गल्लीला तेच ऐकवणाऱ्या नानांना अक्कांशी खोटं बोलवेना. शेवटी त्यांनी अक्कांचं ताट हळूच आपल्याकडे ओढलं.

"कांदाच शे, अक्का. त्यानाच घरना."

मला फार वाईट वाटलं. अक्का मात्र हसल्या. "माले वासवरथीनच समजनं व्हतं," म्हणाल्या.

संपला लीक, असं मी घरी येऊन बायकोला सांगितलं. पण यंदा छत्री पुन्हा उघडली आणि आमचा पेपर पुन्हा जायला लागला. "आता कोणासाठी, नाना?" मी विचारलं, तर ते चक्क लाजले.

उत्तर मला एका संध्याकाळी गच्चीवरून दिसलं. उन्हं उतरली की अक्का वाफ्याच्या कडेला पाट टाकून बसतात. नाना एक पात तोडतात, चुरगाळतात आणि त्यांच्या ओंजळीत ठेवतात. "बंदी खावाले शे, वास लेवाले नही," असं म्हणून अक्का डोळे मिटतात. बराच वेळ त्या कुठल्यातरी जुन्या भरिताच्या पंगतीत बसून येतात. मिटलेली छत्री मांडीवर घेऊन नाना त्यांचे डोळे उघडायची वाट बघतात.