एक बटण, एक सूर

जगातली कुठलीही वस्तू आपल्याला दुरुस्त करता येते, असं या जावयाचं ठाम मत होतं. दुसऱ्या कुणाचं नव्हतं, पण त्याने काही अडत नव्हतं. विजेच्या बटणांच्या कारखान्यात तो तपासनीस होता. दिवसभर समोरून बटणं सरकत यायची, हा एकेक दाबून बघायचा, आणि दर वेळी तेच घडलं तरच त्यावर 'तपासले, योग्य' असं हिरवं लेबल डकवायचा. अशी सवय हाडीमांसी खिळली की माणूस सासुरवाडीलाही स्वस्थ बसत नाही. सासऱ्यांचा पंखा त्याने दुरुस्त केला होता. तेव्हापासून तो पंखा फक्त छताला वारा घालत होता. सासरे जुन्या वळणाचे, जावयाला तोंडावर काही बोलायचे नाहीत. मुलीला म्हणायचे, "तुझ्या साहेबांना सांग, चहा घ्या आणि हात मांडीवर ठेवा."

तर या सासू-सासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत आली होती. सासरे ऐन उमेदीत जहाजावर इंजिन सांभाळायचे. कुठल्याशा बंदरातून त्यांनी हातात मावेल एवढा एक बाजा आणला होता आणि त्यावर ते एकच धून वाजवायचे, खास बायकोसाठी. पुढे भाता फाटला आणि बाजा कपाटात गेला. आता आजारपणानंतर सासऱ्यांना अधूनमधून नावं आठवेनाशी झाली होती, आणि आपली स्मृतीच जातेय या धास्तीने ते दिवस दिवस गप्प बसायचे. मुलीच्या मनात आलं, सोहळ्याच्या दिवशी बाबांनी ती धून वाजवली तर त्यांना धीर येईल. तिने बाजा गुपचूप घरी आणला आणि नवऱ्याला दाखवला. तिची चूक म्हणायची तर एवढीच.

"बाबांना एकदा विचारून तरी घ्या," ती म्हणाली.

"विचारून कोणी सरप्राइज देतं का?" जावई म्हणाला आणि स्क्रू-ड्रायव्हर शोधायला गेला.

आधी हे नक्की आहे काय, ते ठरवायला हवं होतं. दोन्ही बाजूंना सहा कोनांच्या लाकडी फळ्या, त्यांवर बटणं आणि मध्ये चामड्याचा घड्या घातलेला भाता. शेजारच्या दातांच्या डॉक्टरांनी ते अकॉर्डियनचं पिल्लू आहे असं सांगितलं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी बघताक्षणी रक्तदाब मोजायचं जुनं यंत्र म्हणून ओळखलं, वर आपल्या आजोबांकडे अगदी असंच होतं म्हणाले. मत देताना कुणाचीच जीभ अडखळली नाही, कारण माहिती कुणालाच नव्हती. शेवटी मेव्हणीच्या शाळेतल्या संगीताच्या बाईंना फोन लावला. बाईंनी वर्णन ऐकलं आणि म्हणाल्या की हा कॉन्सर्टिना. याचे मुख्य दोन प्रकार. एकात भाता दाबा नाहीतर ओढा, एका बटणातून एकच सूर निघतो. आणि दुसऱ्यात...

"कळलं, कळलं. आभारी आहे," जावयाने फोन ठेवला. एक बटण, एक सूर. त्याला आपल्याच जातीचा कारागीर भेटल्यासारखं वाटलं.

भात्याची चीर बायकोच्या जुन्या पर्सच्या चामड्याने सांधली. पर्स जुनी आहे हे त्यानेच ठरवलं. मग त्याने बटण दाबून भाता दाबला. एक सूर निघाला. तेच बटण धरून भाता ओढला, तर भलताच निघाला! दुसरं बटण तसंच, तिसरंही तसंच. आत बघतो तर प्रत्येक बटणाखाली पितळेच्या दोन पट्ट्या, एक दाबताना वाजणारी, दुसरी ओढताना, आणि दोघींचं एकमेकींशी पटत नव्हतं. सगळीच्या सगळी बटणं सारखीच बिघडलेली बघून शहाण्या माणसाला शंका आली असती. जावयाला बाजा बनवणाऱ्याची कीव आली.

पट्टी टोकाला घासली की सूर चढतो आणि मुळाशी घासली की उतरतो, हे त्याला दोन-चार पट्ट्यांचा बळी गेल्यावर समजलं. मग तो रोज कारखान्यातून येऊन कानस घेऊन बसायचा. बायको जेवायला हाक मारायची आणि हा म्हणायचा, "थांब, एका जोडीचं जुळत आलंय." अखेर सगळ्या जोड्या जुळल्या. कुठलंही बटण दाबा, भाता कसाही हलवा, सूर एकच. त्याने बाजाच्या बुडाला हिरवं लेबल डकवलं.

सोहळ्याला हॉल भरला होता. बाजा बघून सासऱ्यांचे डोळे भरून आले. त्यांनी तो मांडीवर घेतला, बाजूंच्या चामडी पट्ट्यांत हात अडकवले आणि बायकोकडे बघून वाजवायला सुरुवात केली. धून दोन पावलं नीट चालली आणि तिसऱ्याला भलतीकडेच वळली. सासरे थांबले. बोटं नीट ठेवून पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. बोटं बरोबर पडत होती, पण भाता ओढला की सूर परक्या माणसासारखे वागत होते. पाहुणे खुर्च्यांत चुळबुळले. सासऱ्यांनी बाजा हळूच मिटला.

"गेलं," ते बायकोला म्हणाले. "हीसुद्धा विसरलो मी."

सासूबाईंनी त्यांचा हात धरला. आणि जावयाला, इतक्या उशिरा का होईना, बाईंच्या फोनमधला 'आणि दुसऱ्यात' आठवला. गप्प बसला असता तर कुणाला कळलं नसतं. पण म्हाताऱ्याचा चेहरा त्याला बघवेना. तो उठून पुढे गेला.

"बाबा, तुम्ही काही विसरला नाहीत," तो म्हणाला. "मी दुरुस्त केलंय."

सासऱ्यांनी बाजा उलटा केला, लेबल वाचलं, एक बटण धरून भाता दाबला आणि ओढला. मग ते इतके हसले की डोळे पुसायची वेळ आली. लग्नापासून जावयाला अहो-जाहो करणारे सासरे भरल्या हॉलमध्ये म्हणाले, "अरे गाढवा, ते दोन सूर मुद्दाम असतात!" आणि त्यांनी त्याच्या पाठीत धपाटा घातला, घरच्या पोराला घालतात तसा. पुढचा सगळा वेळ ते ती धून तोंडाने गुणगुणत होते, एकही सूर न चुकता.

जावई तोंड लपवायला आत गेला, तर मागोमाग सासूबाई आल्या. त्यांनी दार लोटून घेतलं.

"आता तो बाजा पुन्हा पहिल्यासारखा होईल का हो?" त्यांनी हळूच विचारलं.

"करतो ना, आई. नव्या पट्ट्या मागवतो. लवकरात लवकर," जावई अजिजीने म्हणाला.

"लवकर नको," सासूबाई म्हणाल्या. "भाता फाटेपर्यंत वर्षानुवर्षं ती एकच धून ऐकलीय मी. तुमच्या सवडीने होऊ दे."

त्या घरात जावयाच्या दुरुस्तीला मिळालेली ही पहिली दाद, आणि ती कुणाला सांगायचीही सोय नव्हती.