वेंकटरावांचा उजवा खांदा

आमच्या शेजारचे वेंकटराव टेनिस खेळताना श्वास घेत नाहीत. सर्व्हिससाठी चेंडू वर उडाला की श्वास बंद, तो पॉइंट संपेपर्यंत. रॅली लांबली की चेहरा आधी तांबडा होतो आणि मग वांग्यासारखा जांभळा. मी त्यांचा डबल्समधला जोडीदार. नेटजवळ माझे अर्धे लक्ष चेंडूकडे असते आणि अर्धे मागे, हे गृहस्थ कोसळतात की काय याकडे. रविवारी जवळच्या पापनाशम गावाहून येणारी जोडी तर घाबरून मुद्दाम चेंडू नेटमध्ये घालते. त्यामुळे आम्ही बरेचदा जिंकतो.

मी साताऱ्याचा, बँकेच्या बदलीने कुंभकोणमला आलेला. वेंकटरावांचे मराठी तंजावरचे, जुन्या वळणाचे. "अस्की बरं आहे नव्हे?" हे त्यांचे पालुपद. अस्की म्हणजे सगळे. फोनवर हेच, दारात हेच, रॅकेटची तार तुटली तरी हेच. आपण हो म्हटले तरी त्यांचा विश्वास बसत नाही, ते पुन्हा विचारतात.

यंदा त्यांचा उजवा खांदा धरला. सर्व्हिस राहू दे, धोतर वाळत घालायलाही हात वर जाईना. शेवटी मीच त्यांना ओढत एका फिजिओथेरपिस्टबाईंकडे नेले. बाईंनी त्यांच्या बरगड्यांवर हात ठेवला, दोनतीनदा श्वास घ्यायला लावला.

मग त्यांनी तमिळमध्ये समजावले. श्वासाचा मुख्य स्नायू बरगड्यांच्या खाली असतो. यांचा तो नीट काम करत नाही, त्याचा भार मान आणि खांदे ओढतात, आणि वर त्याच खांद्याने हे सर्व्हिस मारतात. मग तो दुखणारच. उपाय सोपा होता. उताणे निजायचे, पोटावर कॉफीचा पितळी डवरा, म्हणजे पेल्याखालची खोलगट वाटी, ठेवायचा आणि श्वासाने तो वर उचलायचा.

"पण श्वास घेतला की आवाज होतो," वेंकटराव म्हणाले.

बाई हसल्या. मीही हसलो.

गेल्या शनिवारी ते चेंडूंचा डबा कोर्टवर विसरले. तो द्यायला मी मागोमाग त्यांच्या घरी गेलो. दार उघडेच होते. आत झोपाळ्यावर त्यांच्या पत्नी रुक्माबाई डोळे मिटून पडल्या होत्या. उंबऱ्यात वेंकटराव उभे. बॅग तशीच पाठीवर, खांदे कानांपर्यंत चढलेले, श्वास बंद, नजर बायकोच्या पदरावर.

मला त्यांनीच सांगितलेली गेल्या वर्षीची संध्याकाळ आठवली. तेव्हाही ते खेळून आले होते. त्या अशाच पडलेल्या दिसल्या, म्हणून झोप मोडू नये असे पाहून हे चवड्यांवर चालत आंघोळीला गेले. त्या झोपलेल्या नव्हत्या. श्वास अडकून बेशुद्ध झाल्या होत्या. थोडक्यात वाचल्या. तेव्हापासून हा माणूस आपला श्वास थांबवून तिचा ऐकत आला आहे, आणि कोर्टवरही ती सवय सुटत नाही. हे मला आत्ता कळत होते आणि फार भीती वाटत होती, कारण पदर हलताना मलाही दिसत नव्हता.

"मी आहे," डोळे न उघडता रुक्माबाई म्हणाल्या. "आतां तुम्ही श्वास घ्या."

वेंकटरावांचे खांदे हळूहळू खाली आले.

"अस्की बरं आहे नव्हे?"

"अस्की बरं आहे."

"अजून एकदां सांग," ते म्हणाले.